मदत हवी आहे: जीपीएसच्या हिशेबाने आमची सोसायटी समुद्राखाली २० मीटर, नकाशात ३५ मीटर वर. खरं काय?

नमस्कार मंडळी,

बडोद्यात विश्वामित्रीपासून फार लांब नाही अशी आमची सोसायटी. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पार्किंग बुडालं, पाणी मीटर बॉक्सला टेकलं. आता पावसाळी गटार नव्याने टाकायचंय, म्हणून लेव्हल (जमिनीची उंची) घ्यायला एकाला बोलावलं. तो रोव्हरची (फिरत्या जीपीएस रिसीव्हरची) काठी घेऊन फिरला आणि कागद देऊन गेला. गेटची उंची: उणे २०.३१ मीटर! कमिटीतल्या एका काकांनी तो कागद व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. पुढचं विचारू नका. एकाने तर फ्लॅट विकायची भाषा सुरू केली.

फोन केल्यावर दुसरा कागद आला. "ईजीएम २००८ (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचं जागतिक मॉडेल) लावलंय, आता एमएसएल (सरासरी समुद्रसपाटीपासूनची उंची) आहे." त्यात गेट ३६.१२. पण बिल्डरच्या जुन्या नकाशात बेंचमार्कवरून (उंची ठरवून दिलेल्या सरकारी खुणेवरून) काढलेली गेटची लेव्हल ३५.६८ आहे. फरक ४४ सेंटिमीटर. दोनशेला एक उताराच्या गटारात तेवढ्यात ८८ मीटर लाइन बसते.

समुद्राचा पृष्ठभागच सपाट नसतो, म्हणून देशादेशांच्या उंच्या जुळत नाहीत, असं वाचलंय. हे ४४ सेंटिमीटर त्यातलेच का? आणि खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो, मग "समुद्रसपाटी" धरायची तरी कुठली?

प्रतिसाद १
आधी काकांना शांत करा. उपग्रहावरून मिळणारी उंची ही गणिताने आखलेल्या गुळगुळीत लंबगोलापासूनची असते, समुद्रापासूनची नव्हे. आपल्याकडे गुरुत्वाकर्षणाने ठरणारी सपाटी, म्हणजे जिऑइड, त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. बडोद्याला साधारण ५६ मीटर, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभराच्या वर. जवळजवळ अख्खं बडोदं त्या कागदावर उणेच येईल.

प्रतिसाद २
भरतीचं सोपं आहे. बंदरावर वर्षानुवर्षं नोंदी घेऊन सरासरी काढतात, आदर्श म्हणजे १९ वर्षांची, कारण चंद्राचं एक चक्र १८.६ वर्षांचं असतं. त्यात भरती-ओहोटी निघून जाते.

खरी गंमत पुढे आहे. भरती काढून टाकली तरी समुद्र सपाट होत नाही. वारे, प्रवाह, तापमान, खारटपणा यांमुळे तो जिऑइडच्या काही ठिकाणी वर, काही ठिकाणी खाली कायमचा राहतो, जगभरात वर-खाली मिळून दोन-तीन मीटरच्या घरात. आपल्याकडचंच बघा: विशाखापट्टणमची सरासरी समुद्रपातळी मुंबईपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर उंच आहे. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी येतं, ते हलकं, म्हणून जास्त फुगून बसतं. अरबी समुद्र खारट आणि जड.

आता १९०९ साली सर्व्हे ऑफ इंडियाने काय केलं? कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशातला फॉल्स पॉइंट या नऊ बंदरांची सरासरी पातळी शून्य धरली आणि देशभरचं लेव्हलिंग त्यांना बांधून टाकलं. म्हणजे समुद्राचा स्वतःचा चढउतार जमिनीवरच्या उंच्यांमध्ये मुरला. त्या काळी दुसरा इलाजही नव्हता. समुद्र वरून इतका अचूक मोजणारा टोपेक्स-पोसायडन उपग्रह १९९२ चा. ऑस्ट्रेलियाने १९७१ मध्ये मुख्य भूमीवरची भरती मोजणारी तीस केंद्रं अशीच शून्याला खिळवली आणि तिथल्या उंच्यांत उत्तर-दक्षिण सुमारे ७० सेंटिमीटरचा कल आला. अमेरिकेने १९२९ ची सव्वीस केंद्रं सोडून १९८८ च्या नव्या आधारपातळीसाठी कॅनडातलं रिमूस्की हे एकच धरलं. त्यातही मग लांबवर जाता जाता लेव्हलिंगच्या चुका साठल्याच.

थोडक्यात, ईजीएमचं शून्य अख्ख्या जगाचं, बेंचमार्कचं शून्य आपल्या बंदरांचं. ती दोन जुळतीलच असं नाही.

प्रतिसाद ३
वरचं सगळं मान्य, पण समुद्राला एवढ्या लवकर फाशी देऊ नका. त्या माणसाला एवढंच विचारा: बेस (रोव्हर ज्याच्या आधाराने मोजतो तो स्थिर रिसीव्हर) कशावर लावला होता? माहीत असलेल्या बिंदूवर, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स (कायमस्वरूपी जीपीएस केंद्रांच्या) जाळ्यावरून, की नुसता गच्चीवर ठेवून "हिअर" (मिळेल तीच जागा धर) दाबलं? तिसरं असेल तर उभ्यात मीटर-दोन मीटरची चूक सहज येते. शिवाय ईजीएमची स्वतःची चूक काही डेसिमीटर असू शकते. ४४ सेंटिमीटरमध्ये समुद्राचा वाटा किती हे एका गेटवरून कोणीही सांगू शकणार नाही.

धागाकर्ता
विचारलं. गच्चीच. 😐
मग आता सगळं परत करायचं का?

प्रतिसाद ३
नाही. त्याच बेसवरून घेतलेले बिंदू आपसात बरोबर असतात, सगळे सारखेच वर किंवा खाली सरकलेले. जवळचा शाबूत बेंचमार्क शोधा, तिथून ऑटो लेव्हलने (दुर्बिणीतून उंची मोजायच्या यंत्राने) गेटपर्यंत या आणि परत बेंचमार्कवर जाऊन क्लोज करा, म्हणजे आकडा तोच येतो का ते तपासा. जो फरक येईल तो सगळ्या बिंदूंना लावा. गटाराला समुद्राशी देणंघेणं नाही, ते जिथे सोडणार तिथली लेव्हल त्याच बेंचमार्कवरून हवी. काळा घोड्याच्या पुलावरचे विश्वामित्रीच्या पाण्याचे फुटातले आकडे मात्र यात मिसळू नका, आधी त्या पट्टीचं शून्य महापालिकेला विचारा. आउटफॉल (गटाराचं पाणी सोडायची जागा) कुठे आहे? नदीत असेल तर फ्लॅप गेट (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप) लावा, नाहीतर पूर तुमच्याच गटारातून आत येईल.

धागाकर्ता
महापालिकेच्या लाइनीत आहे. तिथल्या मॅनहोलची इन्व्हर्ट लेव्हल (पाइपच्या आतल्या तळाची उंची) आणि बेंचमार्क कुठला धरलाय, दोन्ही वॉर्ड ऑफिसात मागतो. मिळालं की इथेच टाकतो.