यूडी कापड (सगळे धागे एकाच दिशेला असलेलं) ५-१० डिग्री तिरकं बसलं तर ताकद किती जाते?

मांडवीकाठ: वास्कोजवळ बोटीच्या यार्डात कामाला आहे, स्टिफनरच्या (बोटीच्या कवचाला मजबुती देणाऱ्या उंच पट्टीच्या) माथ्यावर यूडी ग्लास फायबरचे लेयर घालतो, रोलर मारताना कापड सरकतं आणि धागे तिरके होतात. सुपरवायझर म्हणतात चालतं. खरंच चालतं का?

रेझिनवाला: नाही रे भाऊ. ताण आला की धाग्यांवर पूर्ण लोड यायच्या आधीच त्यांना धरून ठेवणारं रेझिन शिअरमध्ये, म्हणजे घसरवणाऱ्या ताणात, जातं. नेहमीच्या कार्बन-इपॉक्सी यूडीत १० डिग्रीला कडकपणा साधारण १४० वरून ८० गिगापास्कलवर येतो आणि ताकद तर जवळजवळ पाव उरते. ग्लासमध्ये कडकपणा एवढा पडत नाही, ताकद मात्र पडतेच.

पेडण्याचापोर: दाबात तर आणखी वाईट! २-३ डिग्रीची लाट जरी राहिली तरी तिथलं रेझिन शिअर होतं, धागे आडवे होतात आणि पट्टाच्या पट्टा मोडतो, किंक बँड म्हणतात त्याला. मला तर सरकण्यापेक्षा सुरकुतीची भीती जास्त.

रेझिनवाला: अगदी बरोबर. रोलर धाग्यांच्या दिशेनंच मार, आडवा नको, आधी मार्करनं रेघ ओढून घे. ±४५ चा बायएक्सियल (दोन्ही बाजूंना ४५ डिग्री तिरके धागे असलेला) लेयर सोबत असेल तर शिअर तो घेतो, मग थोडं सरकलं तरी निभावतं.

मांडवीकाठ: बायएक्सियल फक्त बाजूंना आहे, माथ्यावर नाही. उद्याच सांगतो सुपरवायझरना.