'प्रीपोन' ऑफिसच्या इंग्रजीतून काढावा का?

निळी शाई: माझं मत स्पष्ट आहे, काढावा. 'पोस्टपोन'च्या उलट, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे, म्हणून आपल्याकडे ठोकून बनवलेलं क्रियापद. लंडन-न्यूयॉर्कचा माणूस ते वाचून अडखळतो. 'ब्रिंग फॉरवर्ड' असताना हवंय कशाला?

तिरकस: 'आपल्याकडे ठोकून' हे साफ चूक. 1913 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये ट्रेनर नावाच्या गृहस्थांनी हा शब्द याच अर्थाने सुचवला, तोही 'पोस्टपोन'ला प्रतिस्पर्धी म्हणून आणि मुख्यतः वकिलांच्या सोयीसाठी! घडणही अस्सल लॅटिन: 'प्री' म्हणजे आधी, 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. त्याच घराण्यातला 'प्रीपोझिशन' कुणाला खटकत नाही.

चष्मिष्ट: तिरकस, वंशावळ बरोबर आहे, पण तिचा उपयोग शून्य. 1549 मध्ये रॉबर्ट क्रॉली या इंग्रज लेखकानेही 'प्रीपोन' लिहिलंय, अर्थ मात्र 'समोर ठेवणे'. म्हणून आज तो अर्थ चालेल का? शब्द रुजला भारतात. ऑक्सफर्डच्या कोशातही त्यावर भारतीय इंग्रजीचा शेरा आहे. क्लायंट अमेरिकन असेल तर 'मूव्ह्ड अप' लिहा, ब्रिटिश असेल तर 'ब्रॉट फॉरवर्ड'.

तिरकस: आणि टीममध्ये दोन्हीकडचे असले तर? 'बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह्ड फॉरवर्ड' असं इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना सांगितलं तरी काही जण सोमवार धरतात, काही शुक्रवार. यावर मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केलेत. 'प्रीपोन'मध्ये असा घोळ होऊच शकत नाही. आपल्या 'पुढे'चा गोंधळ तर वेगळाच: 'पुढे ढकलली' डोक्यात असतं आणि मेलमध्ये 'फॉरवर्डेड' पडतं. मीटिंग लांबणीवर आणि वाचणारा अलीकडची तारीख शोधतोय!

मुद्रितशोधक: दोघांचं भांडण चालू द्या, पण शब्द वापरायचाच तर नीट वापरा. हे सकर्मक क्रियापद आहे. मराठीत 'मीटिंग प्रीपोन झाली' म्हणतो, त्यावरून 'द मीटिंग प्रीपोन्ड' लिहिलं जातं. ते चूक, 'वॉज प्रीपोन्ड' हवं. तारीख द्यायची तर 'टू', किती दिवस ते सांगायचं तर 'बाय'. 'प्रीपोन्ड टू टू डेज' हा कहर सर्रास दिसतो. आणि आधी ठरलेली वेळ असेल तरच प्रीपोन करता येतं. वेळच ठरली नसेल तर 'लवकर घेऊ' एवढंच म्हणा.

निळी शाई: म्हणजे एवढी पथ्यं पाळून वापरायचा! त्यापेक्षा सरळ 'अर्लियर' लिहा.

मुद्रितशोधक: पथ्यं 'पोस्टपोन'लाही हीच आहेत. तो शब्द रुळलाय म्हणून तुम्हाला जाणवत नाहीत. आणि नुसतं 'अर्लियर' लिहिलंत तर मूळ वेळ कोणती ते कळत नाही.

चष्मिष्ट: भारतातल्या भारतात चालू द्या, हरकत नाही. रेल्वेच्या तिकीट-नियमांत 'प्रीपोनमेंट' छापील आहे, तिथे बदलायला कोण जातंय! परदेशी मेलमध्ये मात्र क्रियापदाच्या भरवशावर राहू नये. 'शुक्रवार 14 ऐवजी बुधवार 12, सकाळी 11, भारतीय वेळ' एवढं विषयाच्या ओळीतच टाका. जुनी तारीख गाळू नका, नाहीतर वाचणाऱ्याला ही दुसरीच मीटिंग वाटते आणि कॅलेंडरवर दोन्ही राहतात.

तिरकस: हे मान्य. पण त्या ओळीत 'प्रीपोन्ड' घातलं म्हणून कुणाचं काय बिघडतं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.