ज्येष्ठांचा आरोग्य विमा आणि नेटवर्क हॉस्पिटल : तुमचे अनुभव लिहा

कोथरूड : आई ७४ वर्षांची. न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. जवळचं हॉस्पिटल पॉलिसीबरोबर आलेल्या नेटवर्क यादीत (कंपनीशी करार असलेल्या हॉस्पिटलांच्या) होतं, म्हणून थेट तिथेच नेलं. डेस्कवर कळलं, विमा कंपनीशी त्यांचा करार आता राहिलेला नाही. आई कळवळत होती, दुसरीकडे हलवायची हिंमत झाली नाही. डिपॉझिट भरलं, मागाहून क्लेम केला. पैसे मिळाले, पण मधले दिवस फार जड गेले. यादी बदलत राहते हे कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरी काय घडलं, लिहा.

सहकारनगर : ताई, यादीबाहेरही कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला द्यायचं, असं मागता येतं. जानेवारी २०२४ पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' आहे. ठरलेलं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी, अचानक न्यावं लागलं तर भरती झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवायचं. हॉस्पिटलची तयारी मात्र हवी. काकांच्या मोतीबिंदूला जमलं.

सदाशिव पेठ : बाबांचा गुडघा बदलला. हॉस्पिटल नेटवर्कमधलं, अप्रूव्हल वेळेत, तरी बिलाला कात्री लागली. पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार. त्यांना शांत झोप लागावी म्हणून आम्ही ८ हजारांची खोली घेतली. वरचे ३ हजार आपण भरू असं धरून चाललो होतो. पण सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळंच ५ हजारांना ८ हजार या प्रमाणात कापलं, रुपयामागे साडेबासष्ट पैसेच मंजूर झाले. औषधं आणि इम्प्लांट तेवढे वाचले. शिवाय २० टक्के को-पे, म्हणजे आपण भरायचा वाटा, वेगळा. भरती करण्याआधी पॉलिसीतली खोलीभाड्याची ओळ वाचाच, कळकळीने सांगते.

हडपसर : डिस्चार्जचा कागद झाला तरी सासूबाई सकाळपासून खाटेवरच. विमा कंपनीची मंजुरी येत नव्हती. २०२४ च्या नियमाप्रमाणे अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची असते आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. हे डेस्कवर शांतपणे सांगितल्यावर फोनाफोनी सुरू झाली.

धनकवडी : आजी ८१ ची, या वयात तिला नवी पॉलिसी परवडेना. आधार दाखवून सरकारी योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. सत्तरीपुढे उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. इथेही हॉस्पिटल योजनेत असावं लागतं, म्हणून मी आधी जाऊन चौकशी केली, तिच्या आजारावरचे उपचार योजनेतून होतात ना, हेही विचारून आले.