लॅकरवर वॉश देण्याआधी ग्लॉस कोट खरंच लागतो का?

रणगाडा३५

पूना हॉर्स या भारतीय रेजिमेंटच्या सेंच्युरियन रणगाड्याचं प्लॅस्टिक मॉडेल, ते रंगवून झालं. १:३५ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं, बसंतरच्या लढाईतलं, डिसेंबर १९७१. ऑलिव्ह ग्रीन मिस्टर कलर या ब्रँडचा, म्हणजे लॅकर (जहाल थिनरचा, झटपट वाळणारा रंग). खुणा स्टेन्सिल कापून रंगवल्या, आणि मग मध्ये क्लिअर (पारदर्शक थर; चकचकीत असला तर ग्लॉस कोट) न मारता थेट तेलरंगाचा वॉश, म्हणजे खाचा उठून दिसाव्यात म्हणून खूप पातळ केलेला गडद रंग, दिला. फोटो पाहिल्यावर तिघांनी एकच विचारलं: "ग्लॉस कोट नाही? मग खालचा रंग उठला नाही का?"

नाही उठला, आणि उठणारही नव्हता. लॅकरचा थिनर जहाल असतो आणि वाळलेलं लॅकर पुन्हा विरघळवायला तसलाच जहाल थिनर लागतो. तेलरंग आणि इनॅमल वॉश ज्यात पातळ करतो ते टर्पेंटाइनच्या कुळातलं द्रावण त्या मानाने अगदीच मवाळ. पूर्ण वाळलेल्या लॅकरवर ते तासभर ठेवा, कापसाने पुसा, कापूस हिरवा होत नाही. मी उरलेल्या भागांवर आधी हे करून पाहिलं, मगच मॉडेलला हात लावला.

मला वाटतं ही सवय जुन्या काळातून आली. तेव्हा बेस कोटच इनॅमलचा असायचा. इनॅमलवर इनॅमलचा वॉश दिला की खालचा रंग चिखलासारखा हलायचा, म्हणून मध्ये भिंत घालावी लागायची. आता खाली लॅकर आहे, तरी भिंत उभीच. प्रत्येक जादा थराने बोल्टची डोकी आणि वेल्डिंगच्या रेषा थोड्या बुजतात. रणगाड्यावर पाहण्यासारखं तेच तर असतं.

माझं म्हणणं इतकंच: खाली लॅकर आणि वर तेलरंग किंवा इनॅमल असेल, तर संरक्षणासाठी म्हणून ग्लॉस कोट मारू नका.

सीहॅरियर_गोवा

असहमत. म्हणजे रसायनाबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल नाही.

ग्लॉस कोट संरक्षणासाठी असतो हे कोणी सांगितलं? तो पृष्ठभागासाठी असतो. मॅट रंग मॅट दिसतो तो त्यातल्या बारीक भुकटीमुळे. पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि वॉश त्यात टीपकागदावर शाई पसरावी तसा पसरतो. तुम्ही रेषेत सोडलेला थेंब रेषेतून धावत नाही, बाजूला डाग पाडतो. नंतर कितीही पुसा, छटा राहतेच. चकचकीत पृष्ठभागावर तोच थेंब केशाकर्षणाने इंचभर पळतो आणि बाहेर सांडलेलं एका फटक्यात निघतं.

ऑलिव्ह ग्रीन रणगाड्यावर ती छटा शोभते, कारण रणगाडा मळकाच असतो. माझा विषय नौदलाची विमानं. फिकट राखाडी सी हॅरियरवर थेट वॉश द्या आणि मग सांगा. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन जवळून बघा, विमान मळतं कसं: तेलाचे ओघळ असतात, ते हवेच्या दिशेने मागे ओढलेले. सगळा पंख सारखा काळवंडलेला नसतो.

आणि डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा! स्टेन्सिलने तुमचं काम भागलं. विमानाच्या अंगावर बारीक अक्षरांच्या पट्ट्याच पट्ट्या असतात. त्या मॅटवर लावल्या की खाली हवा अडकते आणि चंदेरी चकाकते. म्हणजे ग्लॉस कोट मला तसाही मारावाच लागतो.

तेलरंग_तुरपीन

धागाकर्त्यांशी सहमत, पण एक फार मोठी सूचना राहिली, ती लिहितो. 'लॅकर' म्हणजे काय ते आधी नीट बघा. मिस्टर कलरमध्येही ॲक्रिलिक राळच असते, म्हणून कोणी त्याला ॲक्रिलिक म्हणतं. त्याच कंपनीचा अ‍ॅक्वियस हा वेगळा, पाण्यात मिसळणारा रंग. तामियाच्या एलपी बाटल्या लॅकर, एक्स आणि एक्सएफ बाटल्या ॲक्रिलिक. बाटली बघून खात्री न करता "लॅकरवर चालतं" एवढंच वाचून कोणी कापूस घासायला घेतला तर रडायची वेळ येईल.

दुसरं, घासून चमकवायचे धातूचे रंग. ते लॅकरच, पण नुसत्या बोटानेही निघतात. तिथे वरून क्लिअर हवंच.

तिसरं, वाळणं. पावसाळ्यात मुंबईत लॅकर हाताला पाच मिनिटांत कोरडं लागतं, पण आत थिनर असतो. मी नाक जवळ नेतो. वास येतोय तोवर वॉश नाही. साधारण दोन दिवस थांबतो.

१:७२_वाला

मला ग्लॉस कोटपेक्षा प्लॅस्टिकची काळजी जास्त. माझ्या एका रणगाड्याच्या चाकांचे दांडे वॉशनंतर दुसऱ्या दिवशी काडीसारखे तुटले. रंगाला काही झालं नव्हतं. टर्पेंटाइन खाचेत साचलं, चाक घट्ट बसवलेलं, प्लॅस्टिक ताणाखाली होतं, आणि आतून तडा गेला. ग्लॉस कोट असता तर वाचलं असतं असं माझं मत. म्हणून माझा नियम: आधी क्लिअर, मग वॉश.

रणगाडा३५

@१:७२_वाला, तुमचं दुःख खरं आहे, असं माझ्याही बाबतीत झालंय. पण जरा बघा, दांडा तुटला तो कुठे? चाकाच्या आत, जिथे रंगच पोचला नव्हता. ग्लॉस कोटसुद्धा तिथे पोचला नसता. उपाय वेगळा आहे: चाकं वॉश देऊन, वाळवून मग बसवायची, आणि वॉश ओतायचा नाही, टोकदार ब्रशने खाचेपुरता ठेवायचा. जिथे साचेल तिथून लगेच कोरड्या ब्रशने शोषून घ्यायचा. गनप्लाच्या (रोबोटच्या मॉडेलच्या) एबीएस प्लॅस्टिकच्या सांध्यांवर हीच गोष्ट आणखी धोक्याची.

@सीहॅरियर_गोवा, विमानाचं मान्य. पण रणगाड्यावर तो पसरणारा डागच मला हवाय. सेंच्युरियनचे मोठाले सपाट पत्रे एकाच रंगाचे दिसले की खेळणं वाटतं. थेट मॅटवर पातळ वॉश दिला की पत्र्यापत्र्याची छटा वेगळी होते.

रंगाचंही बोलून घेतो, कारण इथे आपण सगळे चुकतो. मी नगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन पाहिला, पण तो प्रदर्शनासाठी रंगवलेला, त्यावरून मळ शिकता येत नाही. बाहेर नगरची काळी माती, आणि आपला हात आपोआप काळ्या-तपकिरीकडे जातो. बसंतर आहे पाकिस्तानातल्या शकरगढच्या पट्ट्यात. तिथली गाळाची माती फिकट, डिसेंबरातली धूळ आणखी फिकट. म्हणून मी खाचांत बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घेतला, काळा नाही, आणि वरून धुळीची छटा दिली.

१:७२_वाला

दांड्याचं पटलं. पण माझ्या मापात तुमची पद्धत चालत नाही. १:७२ मध्ये मॉडेलवरची ०.१ मिलिमीटरची रेष म्हणजे खऱ्या वाहनावर ७.२ मिलिमीटर. थेट मॅटवर ती फुगून दुप्पट झाली की दीड सेंटिमीटरची काळी फट. तुमच्या १:३५ मध्ये तेवढीच रेष साडेतीन मिलिमीटर, म्हणून तुम्हाला खपतं.

दोन_खोल्या_दादर

पाण्यावरचे वॉश कोणीच का घेत नाही? लॅकर मी गच्चीवर मास्क लावून दहा मिनिटांत मारते. पण वॉश पुसत दोन-तीन तास बसायचं ते जेवणाच्या टेबलाशी, उघड्या टर्पेंटाइनसमोर, पलीकडे बाळ झोपलेलं. लॅकरला पाण्याचं काहीच होत नाही, मग एवढी सोय सोडायची कशाला?

तेलरंग_तुरपीन

ताई, बाळाचा मुद्दा पहिला, त्यापुढे बाकी सगळं गौण. पण पाण्याचा वॉश चुकीला वेळ देत नाही. वाळताना कडेला भरतीच्या खुणेसारखी रेघ राहते आणि मॅटवर ती कायमची बसते. तेलरंग मला उद्या सकाळीही ब्रश ओला करून हलवता येतो. तुम्ही पाण्याचाच वापरणार असाल तर ग्लॉस कोट चुकवू नका. एकेक पत्रा घ्या, तो संपवूनच पुढचा.

दोन_खोल्या_दादर

म्हणजे धागाकर्त्यांचा नियम माझ्यासाठी बरोबर उलटा. द्रावण मवाळ तितका ग्लॉस कोट जास्त गरजेचा! हे वरच लिहायला हवं होतं, कारण नवीन माणूस शीर्षक वाचून निघून जातो.

रणगाडा३५

बरोबर आहे. माझं म्हणणं फक्त तेलरंग आणि इनॅमल वॉशपुरतं, आणि फक्त मोठ्या मापाच्या रणगाड्यांपुरतं. तेवढ्यावर मात्र ठाम आहे.

सीहॅरियर_गोवा

ठाम राहा, पण शेवटचं सांगा. वॉश वाळल्यावर वरून मॅट क्लिअर कसला मारणार? लॅकरचाच ना? मग तोच जहाल थिनर तुमच्या तेलरंगावर पडणार. खालचं लॅकर वॉशपासून सुरक्षित, पण वॉश वरच्या क्लिअरपासून नाही.

रणगाडा३५

आठ दिवस वाळू देणार. मग लांबून, जवळजवळ कोरडे, धुक्यासारखे तीन-चार हात. पहिल्याच हाताला ओला थर दिला तर वॉश उठेल, हे मान्य.

सीहॅरियर_गोवा

पावसाळ्यात लांबून मारलेलं लॅकर पांढरं पडतं. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतलं दमट त्यावर बसतं. ऑलिव्ह ग्रीनवर ते पहिल्यांदा दिसेल.

रणगाडा३५

म्हणून रिटार्डर (थिनर उडणं मंदावणारं द्रव) घालणार आणि पाऊस उघडलेली दुपार बघणार. तोवर सेंच्युरियन बुरूज न धरता, खालून तळ धरूनच उचलायचा, असं घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय.