एसएटीच्या इंग्रजी व्याकरणाच्या प्रश्नांत नियम पाठ असूनही उत्तरे का चुकतात?

प्रश्नकर्ता: अकरावी_नाशिक

नमस्कार. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून परदेशातील पदवी प्रवेशासाठी मी डिजिटल एसएटीची तयारी करत आहे. वाचनाचे प्रश्न बऱ्यापैकी जमतात, परंतु वाक्यातील रिकामी जागा व्याकरणदृष्ट्या अचूक पर्यायाने भरायची असते, तेथे प्रत्येक सराव परीक्षेत पाच-सहा उत्तरे चुकतात. नियम विचारले तर सांगता येतात. प्रश्न समोर आला की मात्र कानाला बरे वाटेल ते निवडले जाते. परवाचे उदाहरण देतो. वाक्य होते, ‘द कलेक्शन ऑफ मॅन्युस्क्रिप्ट्स डिस्कव्हर्ड इन टू व्हिलेजेस ____ व्हॅल्युएबल इन्फर्मेशन.’ पर्याय होते ‘प्रोव्हाइड’, ‘प्रोव्हाइड्स’, ‘हॅव प्रोव्हाइडेड’ आणि ‘आर प्रोव्हायडिंग’. मी ‘प्रोव्हाइड’ निवडले आणि चुकलो. माझ्या मामेभावाने त्याचे जीमॅटचे (एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेचे) जुने ‘सेंटेन्स करेक्शन’चे जाडजूड पुस्तक दिले आहे. ते आधी संपवावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: इंग्रजीची_शिक्षिका

तुमची चूक निष्काळजीपणाची नाही. ती मराठी कानाची आहे, आणि माझ्या वर्गात ती मी दर वर्षी पाहते. तेच वाक्य मराठीत म्हणून पाहा: ‘दोन गावांत सापडलेल्या हस्तलिखितांचा संग्रह मौल्यवान माहिती पुरवतो.’ मराठीत ‘चा-ची-चे’ लागलेले पद आधी येते आणि मुख्य नाम त्याच्या मागाहून, त्यामुळे ‘संग्रह’ हा शब्द क्रियापदाच्या बाजूला सरकतो आणि मेळ घालताना आपल्याला मागे वळून पाहावे लागत नाही. इंग्रजीत नेमके उलट घडते. मुख्य नाम सुरुवातीलाच येऊन जाते आणि क्रियापदापर्यंत पोहोचेपर्यंत मध्ये ‘मॅन्युस्क्रिप्ट्स’ आणि ‘व्हिलेजेस’ अशी दोन अनेकवचने उभी असतात. त्यात आपल्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालते (‘मुलीने पुस्तके वाचली’), म्हणजे कर्ता शोधून त्याच्याशीच क्रियापद जुळवण्याची सवय आपल्याला पक्की लागलेली नसते. म्हणून रिकाम्या जागेच्या लगतच्या नामाकडे पाहायचेच नाही. ‘ऑफ’पासून पुढचा सगळा मजकूर बोटाने झाकावा आणि जे नाम उरेल त्याच्याशी मेळ घालावा. तुमच्या प्रश्नात आणखी एक खूण होती: चारांपैकी तीन पर्याय अनेकवचनी होते आणि एकच एकवचनी. प्रश्न वचनाचा आहे हे पर्यायच सांगत होते.

दुसरी फसगत वाक्यारंभीच्या विशेषणात्मक पदसमूहाची. ‘वर्किंग अलाँग द क्लिफ्स ऑफ लाइम रीजिस इन 1823, ____’ असे वाक्य असेल, तर पुढे ‘अ प्लेसिओसॉर स्केलेटन वॉज अनअर्थ्ड बाय मेरी अ‍ॅनिंग’ हा पर्याय मराठी वाचकाला मुळीच खटकत नाही, कारण ‘कड्यांवर काम करताना अ‍ॅनिंगला सांगाडा सापडला’ हे निर्दोष मराठी आहे. आपला ‘-ताना’ दोन वेगवेगळे कर्ते सहज पोटात घेतो. परीक्षेतील इंग्रजीला ते चालत नाही. तेथे एकच प्रश्न विचारावा: काम कोण करत होते? स्वल्पविरामानंतर लगेच त्याचेच नाव आले पाहिजे. नाहीतर सांगाडाच कड्यांवर राबत होता असा अर्थ होतो. ‘मेरी अ‍ॅनिंग्ज डिस्कव्हरी’ने सुरू होणारा पर्यायही त्याच कारणाने बाद होतो, कारण तेथे कर्ता अ‍ॅनिंग नसून तिचा शोध आहे. या पर्यायाला चांगली मुलेही बळी पडतात.

उत्तर २: पुण्याहून_बॉस्टन

बाईंच्या विश्लेषणाशी मी सहमत आहे, परंतु परीक्षेत प्रत्येक वाक्य मराठीत म्हणून पाहण्याइतका वेळ मिळत नाही. वाचन-लेखनाच्या विभागात 27 प्रश्नांचे दोन भाग असतात आणि प्रत्येकाला 32 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला साधारण 71 सेकंद. 54 पैकी 11 ते 15 प्रश्न व्याकरणाचे असतात आणि ते प्रत्येक भागात एकत्र, सोप्याकडून कठीणाकडे अशा क्रमाने येतात. मी स्वतः आधी पर्याय वाचत असे, कारण चार पर्यायांत नेमके काय बदलते आहे (वचन, काळ की विरामचिन्ह) हे कळले की वाक्यात काय शोधायचे ते ठरते.

विरामचिन्हांचे प्रश्न हे आपल्यासाठी फुकटचे गुण आहेत, मात्र कान बंद ठेवला तरच. ‘तो आला, मी निघालो’ हे मराठीत बिनदिक्कत चालते. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे येथे चूकच धरले जाते. अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य हवे, अपूर्णविरामाच्या निदान आधीच्या बाजूला तरी हवे. ‘इट्स’चे दोन प्रकार तर उच्चाराने वेगळे करताच येत नाहीत (येथे देवनागरीतही ते सारखेच दिसतात, हा विनोदच आहे), तेव्हा ‘इट इज’ बसते का ते पाहावे आणि पुढे जावे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. जेईईच्या सवयीमुळे आपली मुले तो सोडतात.

जीमॅटचे पुस्तक बाजूला ठेवा. 2023 च्या नोव्हेंबरात आलेल्या नव्या जीमॅटमधून तो प्रश्नप्रकारच वगळला गेला. शिवाय त्यात पाच पर्याय असत, पहिला पर्याय मूळ वाक्य जसेच्या तसे ठेवणारा असे आणि वाक्प्रयोगांच्या याद्या घोकाव्या लागत. तुमच्या परीक्षेला ते ओझे नको. ब्लूबुक या एसएटीच्या अधिकृत अ‍ॅपमधील सराव परीक्षा आणि खान अकॅडमी, दोन्ही विनामूल्य आहेत. तेवढे नीट करा आणि प्रत्येक चुकीपुढे ‘मी हे का निवडले’ हे एका ओळीत लिहून ठेवा.

प्रश्नकर्ता: अकरावी_नाशिक

दोघांचेही मनापासून आभार. बोटाने झाकण्याच्या युक्तीने काल वचनाचे सगळे प्रश्न बरोबर आले. एक शंका उरली आहे. ‘अर्लियर स्टडीज हॅड टेस्टेड ओन्ली वन सॉइल. द न्यू स्टडी टेस्टेड फोर____ द रिझल्ट्स वेअर क्लिअरर.’ येथे मी ‘हाउएव्हर’च्या आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम निवडला, कारण तसेच पाठ केले होते. उत्तरात मात्र आधी स्वल्पविराम आणि नंतर अर्धविराम दिला आहे. ही छपाईची चूक आहे का?

उत्तर ३: इंग्रजीची_शिक्षिका

चूक नाही, आणि येथे मराठी तुमच्या मदतीला येते. ‘हाउएव्हर’च्या जागी ‘मात्र’ ठेवा आणि तो कोणत्या वाक्याचा आहे ते पाहा. ‘आधीच्या अभ्यासांत एकाच मातीची चाचणी झाली होती. नव्या अभ्यासात मात्र चार मातींची झाली; निष्कर्ष अधिक स्पष्ट आले.’ विरोध एक माती आणि चार माती यांच्यात आहे, म्हणून ‘मात्र’ मधल्या वाक्यालाच चिकटतो आणि अर्धविराम त्याच्यानंतर पडतो. तुमच्या पर्यायाप्रमाणे वाचले तर ‘चार मातींची चाचणी झाली, निष्कर्ष मात्र अधिक स्पष्ट आले’ असे होते, जणू जास्त माती घेतल्यावर निष्कर्ष धूसर व्हायला हवे होते. शेवटचे वाक्य ‘द रिझल्ट्स वेअर द सेम’ असे असते, तर तुमचेच उत्तर बरोबर ठरले असते.