मदत हवी आहे: खुब्याच्या ऑपरेशननंतर आईचं खाणं जवळपास बंद झालंय

आई ७८ वर्षांची आहे. पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. जखम कोरडी आहे, ताप नाही. अडलंय ते जेवणापाशी. दोन घास खाल्ले की "बास" म्हणून ताट सरकवते. फिजिओथेरपिस्ट वॉकर धरून उभं करतात तेव्हा मांड्या थरथरतात आणि चार पावलांत ती खाली बसते. आधी घट्ट बसणारी कवळी आता बोलतानाही सुटते, म्हणजे वजन नक्कीच उतरलंय.

डॉक्टर म्हणाले, "प्रोटीन वाढवा." आजारी वृद्धांना रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत असं वाचलं. आई साधारण ५० किलोची, म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ८. दोन घासांत हे बसवायचं कसं? त्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय हे दाखवणारी रक्ततपासणी) थोडं वाढलेलं, त्यामुळे प्रोटीन पावडर द्यायला हात धजत नाही. भेटायला येणारे सगळे "हलकं, पातळच द्या" म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. पातळ सूपने पोट तेवढं भरतं, अंगी काही लागत नाही.

कोणी घरी हे निभावलंय का? भूक औषधांमुळे मेली असेल का?

प्रतिसाद:
ताई, वेदनाशामक कोणतं चालू आहे ते आधी बघा. ट्रामाडोलसारख्या गोळ्यांनी मळमळ होते, पोटही साफ होत नाही, मग भूक कुठून लागणार? डॉक्टरांना विचारून गोळी बदलता येते. माझ्या वडिलांचं खाणं पोट साफ व्हायला लागल्यावरच सुधारलं.

कवळी दाताच्या डॉक्टरांकडून नीट बसवून घ्या. तोवर मऊ द्या, पण पातळ नको. दुधात दूध पावडर कालवली की तेवढ्याच पेल्यात प्रथिनं वाढतात. दर दोन-अडीच तासांनी थोडं द्या आणि पाणी जेवणाच्या तोंडावर देऊ नका.

किडनीचं मात्र अंदाजाने ठरवू नका, रिपोर्ट घेऊन किडनीच्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना भेटा. ऑपरेशननंतरच्या दिवसांत प्रथिनं सरसकट तोडत नाहीत. आणि बरेच दिवस पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल, तर एकदम भरपूर भरवू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने घसरू शकतं, तपासणी करूनच वाढवा. गिळताना ठसका लागत असेल तर आजच डॉक्टरांना कळवा.