दुसरा भाग वाचतानाचे अनुभव

'कॅचिंग फायर' तिसऱ्यांदा वाचून संपवलं आणि हा धागा काढावासा वाटला. 'हंगर गेम्स' या कादंबरी-मालिकेतला हा दुसरा भाग, २००९ सालचा. त्यातल्या देशात दर वर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे प्रांतातून, एक मुलगा आणि एक मुलगी निवडून एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावतात; त्या खेळात बाराव्या डिस्ट्रिक्टची कॅटनिस उतरते. पहिल्या भागात आपण एकाच काळजीनं पानं उलटतो, कॅटनिस जिवंत राहील ना? दुसऱ्यात ती खेळ जिंकून जिवंत परतलेली आहे. मोठं घर आहे, पोटभर अन्न आहे, पण झोप उडालेली. विजयदौऱ्यावर अकराव्या डिस्ट्रिक्टमध्ये ती खेळात मेलेल्या तिथल्या छोट्या रूबद्दल मनापासून चार शब्द बोलते. गर्दीतला एक म्हातारा रूची चार सुरांची शीळ घालतो, सगळे तीन बोटं ओठांना लावून हात वर करतात. मग त्या म्हाताऱ्याला तिथंच गोळी घालतात. आभार मानले म्हणून माणूस गेला! तिथं मी दर वेळी पुस्तक मिटून ठेवते.

तरुण वाचकांसाठीच्या डिस्टोपियन, म्हणजे जुलमी भविष्यकाळाच्या, मालिकांचे दुसरे भाग तुम्ही कसे वाचलेत? सविस्तर लिहा. कथानक उघड होईल, हे गृहीत धरा.

*

मी हाच भाग तेरा वर्षांच्या लेकीला रात्री मोठ्यानं वाचून दाखवत होते. ७५व्या खेळांची घोषणा आली: या वेळी स्पर्धक आधीच्या विजेत्यांमधूनच निवडणार. मी वाचनाच्या ओघात पुढं गेले. तिनं माझं मनगट धरलं. "आई, थांब. बाराव्या डिस्ट्रिक्टमध्ये जिंकलेली मुलगी एकच आहे ना?" माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या रात्री पुढं वाचलं नाही. दिवा घालवल्यावरही ती बराच वेळ विचारत होती, नियम मधेच कसे बदलतात, कोण बदलतं. मला जमतील तेवढी उत्तरं दिली.

*

माझा 'इन्सर्जंट', 'डायव्हर्जंट' मालिकेतला दुसरा भाग. पहिला भाग वाचून वर्ष झालं होतं, आणि हे पुस्तक मागचं काही न सांगता थेट तिथूनच सुरू होतं. कोण कुठल्या गटातलं, काही आठवेना. चाळीसेक पानं नुसता चाचपडत होतो. दुसरा भाग घ्यायच्या आधी पहिल्याची निदान शेवटची प्रकरणं वाचावीत, हे तेव्हापासून पाळतो.

पण नायिका ट्रिसला बंदूक धरता येत नाही, तिथं मी अडकलो. पहिल्या भागात तिनं स्वतःला वाचवायला विलला, आपल्याच मित्राला, मारलेलं असतं. तेव्हा सगळं इतक्या घाईत घडतं की वाचणारा पुढं निघून जातो. दुसऱ्या भागात तिचा हातच ऐकत नाही. माझ्या हातून एकदा गाडीचा अपघात झाला होता. कुणी दगावलं नाही, तरी पुढं कित्येक महिने किल्ली फिरवताना बोटं थरथरायची. घरचे म्हणायचे, झालं ते झालं. ट्रिसला वाचताना पहिल्यांदा वाटलं, हे कुणाला तरी कळलंय.

*

माझा थोडा वेगळा सूर. 'द गिव्हर' १९९३चं, त्याचा पुढचा भाग 'गॅदरिंग ब्लू' २०००चा. पहिल्या भागातला जोनास आणि त्याच्यासोबतच्या बाळाचं काय झालं, या ओढीनं उघडलं, तर नवी मुलगी, नवं गाव! चिडून बाजूला ठेवलं. काही महिन्यांनी, कसलीही अपेक्षा न ठेवता पुन्हा घेतलं. पायानं अधू असलेली कीरा भरतकाम करते, झाडपाल्यापासून रंग करायला शिकते, आणि तिच्या गावात निळा रंग कुणालाच बनवता येत नाही. एका रंगाची उणीव इतकी बोचेल असं वाटलं नव्हतं. आता मला पहिल्यापेक्षा हेच जवळचं आहे.

*

मी 'कॅचिंग फायर' आल्या आल्या वाचलेल्यांपैकी. बारावं डिस्ट्रिक्ट उरलंच नाही, असं कॅटनिसचा मित्र गेल सांगतो आणि पुस्तक संपतं. पुढचा भाग २०१०च्या ऑगस्टमध्ये आला, म्हणजे जवळपास वर्षभर मी ते वाक्य घेऊन फिरत होते. तिसरा भाग हाती आला त्या दिवशी तो लगेच उघडला नाही. आधी दुसऱ्याचं सत्ताविसावं प्रकरण पुन्हा वाचलं, सावकाश, आणि मग सुरुवात केली.